कोपरेवाले भाऊ

भाऊंच्या हातात कुठलंही चित्र द्या, त्यांची नजर आधी खालच्या डाव्या कोपऱ्यावर जाते. तिथून खालच्या उजव्या. मग वरचे दोन. चारही पाहून झाले की ते चित्र परत करतात. मधल्या जागेत काय होतं, हे त्यांना विचारण्यात अर्थ नसतो.

आधी खालचेच का, याला कारण आहे. भिंतीवर टांगलेल्या फ्रेममध्ये काचेचा भार खालच्या पट्टीवर येतो, आणि काच काही हलकी नसते. दोन मिलिमीटरची साधी काचसुद्धा चौरस फुटाला अर्ध्या किलोच्या आसपास भरते. त्यामुळे सांधा सुटायला लागतो तो खालून. वरचे कोपरे बरेचदा नुसते मिरवायला असतात, असं भाऊंचं मत आहे. हे मत सांगताना ते समोरच्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्यावरून ते फक्त फ्रेमबद्दल बोलत नसावेत.

एकदा एका गृहस्थांनी वडिलांचा फोटो करायला दिला होता. घ्यायला आले तेव्हा भाऊंनी फ्रेम पालथी करून त्यांच्या हातात ठेवली. "जोड पाहा," म्हणाले. जोड खरोखरच पाहण्याजोगा होता. गृहस्थांनी कौतुक केलं, पैसे दिले, घरी गेले, खिळ्याला फ्रेम अडकवली, तेव्हा वडील शीर्षासनात निघाले. तक्रार घेऊन आल्यावर भाऊंनी शांतपणे हुक काढला, दुसऱ्या बाजूला मारला आणि म्हणाले, "चारही कोपरे सारखेच पक्के हायेत. कोनत्याई बाजूनं लटकवा." त्यांना ती माफी वाटत होती.

खामगावच्या बाजारात एका अरुंद गल्लीत त्यांचं दुकान. पाटीवर देवाचं नाव आहे, पण ते कोणी उच्चारत नाही; 'कोपरेवाले भाऊ' म्हटलं की ऑटोवाला बरोबर आणून सोडतो. गाव तसं फ्रेमवाल्याच्या सोयीचं. इथला कापसाचा बाजार एवढा मोठा की इंग्रजांनी जलंबपासून खास रेल्वेचा फाटा टाकला, आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पुढे चांदीच्या व्यापारामुळे 'रजतनगरी' हे नाव लागलं. पंधे गुरुजींसारख्या माणसामुळे चित्रकलाही रुजली. म्हणजे कापसाचा पैसा, चांदीची प्रतिष्ठा आणि भिंतीवर लावायला चित्रं. फ्रेमवाल्याने आणखी काय मागावं? भाऊ एवढंच मागतात की गिऱ्हाइकाने घाई करू नये. नेमकं तेवढंच त्यांना मिळत नाही.

दुकानाच्या भिंतीवर नमुन्याचे कोपरे टांगलेले आहेत. सोनेरी, काळे, सागवानी रंगाचे, काटकोनात जोडलेले पट्ट्यांचे तुकडे. असे ते प्रत्येक फ्रेमच्या दुकानात असतात, आणि तिथे गिऱ्हाईक त्यांचा रंग पाहतं. इथे भाऊ एक कोपरा खिळ्यावरून काढतात, गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि म्हणतात, "तोडा."

गिऱ्हाईक हसतं.

"हसू नोका साहेब. तोडून दाखवा."

माणूस लाजत लाजत थोडा जोर लावतो. काही होत नाही. मग त्याला इरेला पडावंसं वाटतं, तो गुडघ्याचा आधार घेतो, बायको 'राहू द्या, कमरेत भरेल' म्हणते, आणि भाऊ हाताची घडी घालून पाहत राहतात. तालमीत जाणाऱ्या एका पोराने एकदा खरंच कडाका केला. दुकानात शांतता पसरली. भाऊंनी दोन्ही तुकडे उचलून उजेडात धरले. लाकूड सांध्याच्या बाजूने फाटलं होतं, सांधा तसाच होता. "पाह्यलं? लाकूड गेलं. जोड नाई गेला." त्या पोराला त्यांनी चहा पाजला. तो तुटका कोपरा त्यांनी पुढे काच घालून फ्रेम केला आणि गल्ल्याच्या वर, गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी लावला. रोज सकाळी उदबत्ती दोन्हीकडे फिरते.

"फ्रेम म्हणजे काय हो, चार पट्ट्या," असं कोणी म्हणालं की भाऊ हातातला रंधा ठेवतात. मग त्या माणसाची सुटका नाही. कोपरे चार, पण काप आठ. प्रत्येक काप पंचेचाळीस अंशांचा. आता दर कापात समजा अर्ध्या अंशाची चूक झाली. "अर्धा अंश म्हंजे काईच नाई, असं तुम्ही म्हनान," भाऊ म्हणतात. समोरचा काही म्हणालेला नसतो. "आठदा अर्धा म्हंजे किती? चार. तीन कोपरे दाबूनदुबून जमते. सगळी लबाडी चवथ्या कोपऱ्यात जाऊन उभी राह्यते." हिशेब बरोबर आहे. इंचभर रुंद पट्टीत त्या चार अंशांची फट टोकाला अडीच मिलिमीटर होते. रुपयाचं नाणं त्यात शिरतं, आणि भाऊ ते शिरवून दाखवतात. त्यासाठी त्यांनी एक चुकीची फ्रेम मुद्दाम बनवून ठेवली आहे. ती बनवायला त्यांना बरोबर फ्रेमपेक्षा जास्त वेळ लागला, कारण चूक सगळीकडे अर्ध्याच अंशाची हवी होती.

अशा फटीत लोक काय करतात? लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवतात आणि लिंपून टाकतात. वरून पॉलिश मारलं की कळत नाही. भाऊंच्या कानावर 'भुसा' शब्द पडला की चेहरा बदलतो. त्यांच्या हिशेबी जगात दोन प्रकारची माणसं आहेत आणि दुसऱ्या प्रकाराला ते 'भुसेवाले' म्हणतात. जिल्ह्यातले बरेच पुढारी, एक व्याही आणि एक माजी जावई या सदरात आहेत.

काप बरोबर आले तरी काम संपत नाही. समोरासमोरच्या पट्ट्या लांबीला तंतोतंत सारख्या लागतात. नाहीतर आठही काप निर्दोष असून चौकट तिरकी बसते. भाऊ दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून टेबलावर उभ्या धरतात आणि डोळे मिटून टोकांवरून नख फिरवतात. नख अडलं की पट्टी परत रंध्याकडे. चौकट जुळवल्यावर गुण्या लावतात, आणि गुण्यावर विश्वास नसल्यामुळे दोन्ही कर्णही मोजतात. हे चाललेलं असताना बोललेलं खपत नाही. एकदा वसुलीला आलेला पतसंस्थेचा माणूस त्या शांततेत एवढा वेळ उभा राहिला की हप्ता न मागताच गेला.

आता चिकटवणं. भाऊंचं खरं कीर्तन इथे सुरू होतं.

लाकडाच्या शिरा लांबीला धावतात. पट्टी पंचेचाळीसवर कापली की त्या शिरांची तोंडं उघडी पडतात. त्यावर फेविकॉल फासलं की शिरा ते आत ओढून घेतात आणि ज्या सांध्यासाठी ते लावलं तो कोरडाच राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी फ्रेम हातात सुटी होते आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. यावर उपाय सोपा आहे: आधी पाणी घालून पातळ केलेला एक हात द्यायचा, तो जिरू द्यायचा, आणि मग दाट हात. भाऊ हे असं सांगत नाहीत. ते विचारतात, "वावरातून मानूस उन्हाचा आला, त्याले आंधी काय देता? पानी का जेवन?"

"पाणी."

"मंग लाकडाले डायरेक्ट जेवाले काऊन बसवता?"

पहिला हात जिरेपर्यंतची ती काही मिनिटं भाऊ मांडीवर हात ठेवून बसतात. फोन घेत नाहीत, सुटे पैसे देत नाहीत. घाईचं गिऱ्हाईक इथेच फुटतं. "भाऊ, तोवर काच कापून घ्या ना!" भाऊ मान हलवतात. काच कापायला उठावं, तिकडे मन रमावं आणि इकडे वेळ टळावी, हे त्यांना नको असतं.

या कामाचे दोन शत्रू आहेत, एक तेल आणि दुसरी कचोरी. खरं म्हणजे एकच. शेगाव जवळ, त्यामुळे कोणी ना कोणी कागदात बांधलेल्या गरम कचोऱ्या घेऊन येतो. भाऊंचा नियम असा की ताजे काप टेबलावर असताना कचोरी उंबऱ्याच्या आत यायची नाही. तेलाचं बोट कापाला लागलं की तिथे फेविकॉल धरत नाही. सागात तर मूळचंच तेल असतं, म्हणून सागाची पट्टी ते ताजी कापतात आणि थिनरच्या फडक्याने पुसून लगेच चिकटवतात. एकदा एक फ्रेम तीन महिन्यांनी सुटून परत आली. दुकानात सुतकाची कळा. भाऊंनी सुटलेला कोपरा हातात घेतला, भिंगाखाली धरला, मग नाकाशी नेला. आत पट्ट्या रचणाऱ्या पोराकडे वळून म्हणाले, "कचोरी."

पोरगं रडायला लागलं. तीन महिन्यांनंतर वास येणं शक्य आहे का, असं मी नंतर एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारलं. तो म्हणाला, "नाही. पण पोराने कबूल केलं ना?"

दाट हात झाला की दाब. बाजारात लोखंडी शिकंजे मिळतात, भाऊंकडेही आहेत, पण त्यांचा भरवसा सायकलच्या जुन्या ट्यूबवर. चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे लावायचे आणि ट्यूब ताणून भोवती गुंडाळायची. रबर चारही बाजूंनी सारखं आवळतं. शिकंजा हौशी माणसाच्या हातात जास्त आवळला जातो आणि फेविकॉल सगळं बाहेर पिळून निघतं. बरोबर दाब बसला की सांध्याच्या रेषेवर बारीक थेंबांची रांग उमटते. ती ओल्या फडक्याने टिपायची. थेंब आले नाहीत तर माल कमी पडला, ओघळ आला तर जास्त झाला. पंक्चरवाला या ट्यूबा भाऊंसाठी राखून ठेवतो. देशाच्या राजकारणाबद्दल त्यांची एकच तक्रार मी ऐकली आहे: "आता गाड्याइले ट्यूबलेस टायर देऊ रायले. उद्या सायकलीलेई देतीन. मंग चिटकवाचं कायनं?"

आणि मग चोवीस तास. सांधा तासाभरात हाताला पक्का लागतो, पण पूर्ण पकड यायला दिवस जावा लागतो. भाऊ या दिवसातला एक तासही सोडत नाहीत. मे महिन्यात खामगावचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, दुकानात ठेवलेल्या माठातलं पाणी आटतं, तरी चोवीस म्हणजे चोवीस.

पण सगळा महाराष्ट्र मेच्याच शेवटी निवृत्त होतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांच्या जन्मतारखेपुढे सरसकट १ जून लिहिलं, ती अख्खी पिढी ३१ मेला घरी जाते. त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीत शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राला फ्रेम लागते, आणि तिची आठवण मंडळींना ३० तारखेला संध्याकाळी होते. एरवीही हेच. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, आणि जिजाऊंचं सिंदखेडराजा तर याच जिल्ह्यातलं, मग २६ जानेवारी, मग माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकटदिन, मग १४ एप्रिल. यातली एकही तारीख अचानक येत नाही. तरी शाळा, ग्रामपंचायती आणि पक्षांची कार्यालयं दर वेळी आदल्या दिवशी धापा टाकत येतात. "कॅलेंडर आमच्याच दुकानात फ्रेम कराले देतीन हे, अन् तारीख इसरतीन," भाऊ म्हणतात.

अशाच एका ३० मेला एका कचेरीतल्या मंडळींनी मानपत्र आणलं. भाऊंनी चौकट जुळवली, चिकटवली, ट्यूब आवळली, मानपत्र आणि काच आत बसवून ठेवली आणि सांगितलं, "उद्या संध्याकाळी येजा." कार्यक्रम सकाळी अकराला होता. विनंत्या झाल्या, साहेबांचा फोन झाला. भाऊ बधले नाहीत. सकाळी ते चहाला गेल्याचं पाहून कचेरीचा शिपाई आला, पोराच्या हातावर पैसे ठेवले आणि फ्रेम होती तशी कापडात गुंडाळून घेऊन गेला.

व्यासपीठावर पाहुण्यांनी कापड ओढलं. मानपत्राभोवती काळी ट्यूब, कोपऱ्यांवर ठोकळे, आणि वरच्या बाजूला मधोमध ट्यूबची नळी, टोपणासकट. सभागृह गप्प. सूत्रसंचालक मात्र मुरलेला होता. माइक सरसावून तो म्हणाला, "साहेबांनी नोकरीची पहिली वर्षं खेड्यापाड्यांत सायकलवर फिरून काढली. त्या कष्टांचं प्रतीक म्हणून कर्मचारी वर्गाने..." पुढचं टाळ्यांत ऐकूच आलं नाही. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी उत्तराच्या भाषणात सायकलच्या एवढ्या आठवणी सांगितल्या की जेवणं दुपारी तीनला उठली.

भाऊ दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या घरी गेले, ट्यूब मागायला. साहेबांनी त्यांना आत बसवलं, कलाकार म्हणून बायकोशी ओळख करून दिली आणि ट्यूब काढायला साफ नकार दिला. ती फ्रेम आजही त्यांच्या दिवाणखान्यात तशीच आहे. भाऊ अधूनमधून तिची चौकशी करतात. "चोवीस तास म्हनलं तर लोक तोंड वाकडं करते. त्या जोडाले सालोसाल दाब हाय. असा जोड पुऱ्या बुलढाना जिल्ह्यात नाई."

भाऊंच्या वडिलांच्या काळी फेविकॉल नव्हतं, सरस होता. जनावरांच्या कातडी-हाडांचा. तो पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ करायचा आणि गरम असतानाच लावायचा. वास असा की शेजारी दुकान रिकामं असलं तरी कोणी भाड्याने घेत नसे. १९५९ साली फेविकॉल निघालं आणि हळूहळू सुतारांची ती शेगडी विझली. वडिलांनी बरीच वर्षं या पांढऱ्या पाण्याला दुकानात घेतलं नाही. सरसाचा एक गुण होता: ओलसर उष्णता दिली की सांधा मुकाट्याने सुटतो. जुनी फ्रेम उघडता येते, दुरुस्त करता येते. वडिलांनी केलेल्या फ्रेमा अजून दुरुस्तीला येतात, त्यांवर भाऊंचे दिवस निघतात. स्वतः केलेली एकही परत येत नाही (ती कचोरीची सोडून). धंदा म्हणून पाहिलं तर हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि भाऊंना तो कळत नाही असंही नाही. ते फक्त त्याबद्दल बोलत नाहीत.

फेविकॉलच्या डब्यावरचे दोन हत्ती मात्र त्यांना मान्य नाहीत. "हत्ती सरळ ओढू रायले. फ्रेम कोनी सरळ ओढते का? फ्रेम पडते. अन् पडते थे कोपऱ्यावर पडते. हत्तीले म्हना, वरून पड." म्हणून मोठ्या, जड फ्रेमला ते चिकटवण्याच्या भरवशावर सोडत नाहीत. सांधा वाळला की कोपऱ्याला बाहेरून करवतीची आडवी खाच घेतात आणि तीत लाकडाची पातळ पट्टी चिकटवून बसवतात. तिच्या शिरा एका बाजूच्या लाकडातून दुसऱ्या बाजूच्या लाकडात आडव्या जातात, त्यामुळे कोपरा उकलायचा तर ती आधी तुटावी लागते. ही पट्टी ते मुद्दाम वेगळ्या रंगाच्या लाकडाची घालतात. सागात शिसम, आंब्यात साग. एरवी आपलं काम दिसू नये असं म्हणणाऱ्या माणसाची ही एवढी चैन.

समोरच्या रांगेत आता एका तरुणाने दुकान टाकलं आहे. यंत्राने काप, यंत्राने मागून व्ही आकाराची पिन, फायबरची पट्टी, दहा मिनिटांत फ्रेम, वर हुक फुकट. पोरगा गोड बोलतो. घाईच्या माणसाला भाऊ स्वतःच बोट दाखवतात, "समोर जा." माणूस जातो, आणि बहुतेक वेळा खूश होऊन घरी जातो, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. फायबरला तहान नसते, ऋतू नसतो.

लाकडाला ऋतू असतो. लाकूड लांबीला फारसं हलत नाही, रुंदीला हलतं. उन्हाळ्यात सुकून आकसलं की कोपरा आतल्या बाजूने फट दाखवतो. पावसाळ्यात फुगलं की बाहेरच्या बाजूने. भाऊ कोणाच्याही घरी गेले की फटीवरून फ्रेम कुठल्या महिन्यात केली ते सांगतात. बुलढाण्याला जाणाऱ्या फ्रेमची तर वेगळी चौकशी. शहर वर अजिंठ्याच्या डोंगरावर, खामगाव खाली पूर्णेच्या सपाटीवर; हवा वेगळी. "घाट चढनार हाय का?" असं ते विचारतात, तेव्हा नवख्या माणसाला वाटतं भाऊ त्याच्या मोटारसायकलबद्दल विचारताहेत.

दुसऱ्याच्या घरी, लग्नात, तेरवीला, कुठेही त्यांचं हेच. तेरवीच्या घरी ते फोटोला हात जोडतात, हार हळूच बाजूला सारतात, खालच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवतात आणि खोल सुस्कारा सोडतात. घरचे गलबलतात. 'भाऊ फार हळवे' अशी त्यांची त्या घरांतून ख्याती आहे. २०१९ साली टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा एका हौशी माणसाने त्याचा मोठा फोटो करायला आणला. वाघ कसा वाटला, असं मी विचारलं. "मोठा हाय," भाऊ म्हणाले. "चार एमेमची काच लागन."

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ लोणारने दिला. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, असं शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. वरून काढलेले फोटो सगळीकडे फिरले. एका व्यापाऱ्याने तो फोटो छापून आणला. सरोवर गोल, म्हणून फ्रेमही गोल हवी म्हणाला.

"गोल होनार नाई."

"का हो? पैसे देतो ना."

"गोलाले कोपरा कुठी हाय? कोपरा नाई तठी माह्यं काय काम?"

व्यापारी हट्टी होता. तासाभराच्या वाटाघाटीनंतर तोडगा निघाला: अष्टकोन. भाऊंचे डोळे चमकले. आठ कोपरे, सोळा काप, प्रत्येक साडेबावीस अंशांचा. अर्ध्या अंशाची चूक आता आठ अंशांवर जाणार होती. जुलैमध्ये सुरू झालेली फ्रेम दिवाळीला पुरी झाली. तोवर सरोवराचा गुलाबी रंगही ओसरला होता. व्यापाऱ्याने पैसे दिले, फ्रेम नेली, आणि जाताना एवढंच म्हणाला की मला गोल पाहिजे होती. भाऊंनी ते ऐकलं नाही. ते रिकाम्या टेबलाकडे पाहत होते.

भाऊंच्या घरात एकही फ्रेम नाही. लग्नाचा फोटो कपाटाच्या मागे आहे. त्यासाठी सागाची पट्टी आणली होती, काप घेतले होते, पण एका कापात शंका आली म्हणून नवे घ्यायचे ठरले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलं मोठी झाली, मुलीचं लग्न झालं, तिच्या घरी फायबरची फ्रेम लागली. शेवटी काकूंनी शेगावच्या यात्रेतून प्लॅस्टिकची एक तयार फ्रेम आणली, फोटो घातला आणि देवघराच्या बाजूला लावून टाकला. भाऊ जेवायला बसले की समोर तीच. चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी फ्रेम भिंतीवर नव्हती. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "खालचा डावा उघडला व्हता."

उघडला नव्हता. भाऊंनी तो उघडला होता. प्लॅस्टिक चिकटेना, म्हणून तिच्याच मापाची सागाची नवी चौकट घेतली. आठ काप झाले, आठही नखाला बरोबर लागले, पातळ हात झाला, दाट हात झाला, ट्यूब आवळली. तेवढ्यात पाऊस लागला. हवा दमट झाली, तेव्हा चोवीसचे अठ्ठेचाळीस. मग झड लागली, आणि अठ्ठेचाळीस तास कुठून मोजायचे याचा त्यांनाच विसर पडला.

परवा मी गेलो तेव्हा काकू दुकानात आल्या होत्या. ट्यूबमध्ये आवळलेल्या चौकटीकडे पाहून म्हणाल्या, "आवो, हाय तशीच लटकवा न आता. त्या साहेबावानी."

भाऊंनी कर्ण मोजता मोजता मान वर केली.

"ट्यूब लागते ना दुकानात."